सहा गोळ्या, सात नोंदी: शॉट टायमर नेमकं काय मोजतो?

तर झालं असं. अमेरिकेतल्या एका क्लबच्या उघड्या रेंजवर मी पहिल्यांदाच शॉट टायमर हातात धरून उभी होते. समोरच्या नेमबाजाने सहा गोळ्या झाडल्या. पाच कागदी लक्ष्यांवर, शेवटची १० मीटरवरच्या पोलादी चकतीवर. टण्ण असा आवाज आला आणि मी टायमरच्या पडद्याकडे पाहिलं. नोंदी सात होत्या! सातवी नोंद सहावीनंतर बरोबर ०.०६ सेकंदांनी.

मी वहीत आकडा लिहिणार, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी रेंज ऑफिसरने विचारलं, "भरल्या किती होत्या?"

"सहा."

"मग सातवी कोणी झाडली?"

उत्तर असं, की सातवी गोळी नव्हतीच. तो चकतीचा आवाज होता. हिशेब करून बघा. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३०० मीटर धरला तर १० मीटर जायला तिला ०.०३३ सेकंद लागतात. चकतीचा आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने १० मीटर परत येतो, त्याला ०.०२९ सेकंद. बेरीज ०.०६२. पडद्यावर ०.०६. म्हणजे टायमर अजिबात चुकला नव्हता. त्याने जे ऐकलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. चूक माझी होती. तो 'गोळ्या' मोजतो असं मी गृहीत धरलं होतं, आणि तो मोजत होता 'मोठे आवाज'.

आजचा लेख या एका फरकावर आहे. नेमबाजी तुमचा विषय असो वा नसो, संशोधनात उतरणाऱ्या प्रत्येकाला हा फरक कधी ना कधी भेटतोच. आपलं उपकरण आपल्याला हवी ती गोष्ट मोजत नाही, तिच्या जवळची दुसरी एखादी गोष्ट मोजतं. त्या दोघींमधला रस्ता ओळखीचा असेल तर आकडा उपयोगी. नसेल तर तो नुसता आकडा.

डबीत काय असतं?

शॉट टायमर म्हणजे तळहातात मावणारी, पट्ट्याला अडकवता येणारी एक डबी. आत एक माइक, एक कर्कश बीप वाजवणारा बझर, एक क्वार्ट्झ घड्याळ आणि छोटासा पडदा. बटण दाबलं की थोड्या वेळाने बीप वाजते आणि घड्याळ सुरू होतं. त्यानंतर ठरावीक पातळीपेक्षा मोठा आवाज माइकवर आदळला की त्या क्षणाची वेळ नोंदली जाते. शेवटी तीन प्रकारचे आकडे मिळतात: पहिल्या शॉटची वेळ, दोन शॉट्समधलं अंतर म्हणजे 'स्प्लिट', आणि शेवटच्या शॉटपर्यंतची एकूण वेळ.

हा टायमर मुख्यतः 'प्रॅक्टिकल शूटिंग' या खेळाचा. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, कोलंबिया शहरी झालेल्या परिषदेत स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. ऑलिंपिकमधल्या नेमबाजीपेक्षा हा प्रकार वेगळा. नेमबाज होल्स्टरमधून पिस्तूल काढतो, धावतो, आडोशाआडून नेम धरतो, आणि गुण भागिले वेळ असा त्याचा निकाल लागतो. या भागाकाराला 'हिट फॅक्टर' म्हणतात.

उदाहरण घ्या. एका फेरीत १२ शॉट्स, प्रत्येकी जास्तीत जास्त ५ गुण, एकूण ६०. नेमबाजाने सगळे ६० मिळवले आणि वेळ लागली ८.०० सेकंद. हिट फॅक्टर ७.५०. आता टायमरने भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी तेरावा शॉट म्हणून घेतला आणि वेळ ८.०६ झाली, तर हिट फॅक्टर ७.४४. उलट, बारावा शॉट टायमरला ऐकूच आला नाही आणि पडद्यावर अकराव्याची वेळ, समजा ७.७०, राहिली, तर हिट फॅक्टर ७.७९. नेमबाज तोच, गोळ्या त्याच, भोकंही तीच. बदललं फक्त डबीने काय ऐकलं ते. म्हणून चांगला रेंज ऑफिसर वेळ वाचण्याआधी शॉट्सची संख्या बघतो. वेळ विश्वासार्ह नसेल तर ती फेरी पुन्हा घ्यावी लागते.

आवाज चालत येतो

आता माझी दुसरी चूक सांगते. ही जास्त महागात पडली.

सुरुवातीच्या चाचणीत मला बघायचं होतं, की काही आठवड्यांच्या सरावाने पहिल्या शॉटची वेळ किती कमी होते. पहिल्या दिवशी मी नवखी, जरा घाबरलेली. नेमबाजाच्या मागे चांगली ४ मीटर लांब उभी राहिले. नंतर सवय झाली, धीर चेपला, आणि शेवटच्या दिवशी १ मीटरवर उभी होते. टायमर दोन्ही दिवस माझ्याच हातात. वेळ कमी झालेली दिसली आणि मी खूश!

मग मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: "तू कुठे उभी होतीस?"

बघा काय होतं ते. बीप डबीतून निघते आणि हवेतून नेमबाजाच्या कानापर्यंत जाते. डबीचं घड्याळ मात्र बीप वाजली त्याच क्षणी सुरू झालेलं असतं. नेमबाज गोळी झाडतो, तिचा आवाज पुन्हा हवेतून डबीपर्यंत येतो. म्हणजे पहिल्या शॉटच्या वेळेत आवाजाचा जाण्यायेण्याचा प्रवास धरलेला असतो. १ मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद लागतात. ४ मीटरवर उभं राहिलं तर जाऊनयेऊन सुमारे २३ मिलिसेकंद. १ मीटरवर जेमतेम ६. फरक १७ मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ ०.०२ सेकंद. नेमबाजाने एक दिवसही सराव केला नसता, तरी माझ्या वहीत त्याची 'सुधारणा' झालीच असती!

त्या चाचणीतल्या पहिल्या शॉटच्या सगळ्या नोंदी मला बाजूला ठेवाव्या लागल्या. मी कुठे उभी होते ते वहीत लिहिलेलं नव्हतं, नुसतं आठवत होतं. आणि आठवणीवरून आकडे दुरुस्त करायचे नसतात.

पण गंमत अशी, की त्याच दिवसांतले स्प्लिट मात्र वाचले. का? स्प्लिट म्हणजे दोन नोंदींची वजाबाकी. दोन्ही शॉट्सचे आवाज सारख्याच अंतरावरून आले असतील, तर दोघांनाही सारखाच उशीर झालेला असतो, आणि वजाबाकीत तो उडून जातो. हे तत्त्व लक्षात ठेवा: सगळ्या नोंदींत सारखीच असलेली चूक फरक काढताना नाहीशी होते. अट एवढीच, की ती खरोखर सारखी असली पाहिजे. नेमबाज पळत १० मीटर पुढे गेला आणि टायमर धरणारा जागेवरच राहिला, तर त्या दरम्यानच्या स्प्लिटमध्ये २९ मिलिसेकंद फुकट वाढतात. रेंज ऑफिसर नेमबाजाच्या मागोमाग पळताना दिसतो तो मुख्यतः सुरक्षेसाठी, पण त्यात मोजमापाचाही फायदा आहे.

इथे एक नेहमीचा गैरसमजही दूर करू. "भरपूर नोंदी घेतल्या की चुका सरासरीत जिरतात" असं आपण ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. कधी वर, कधी खाली होणारी चूक सरासरीत जिरते. पण एकाच बाजूला ढकलणारी चूक १०० नोंदी घेतल्या तरी तेवढीच राहते. उलट, जास्त नोंदींमुळे तिच्यावर आपला विश्वास तेवढा वाढतो.

दोन दशांश स्थळांचा भरवसा किती?

बारावीच्या प्रॅक्टिकलला व्हर्नियर कॅलिपर घेऊन 'लीस्ट काउंट' काढलेला आठवतो ना? शॉट टायमरचा लीस्ट काउंट बहुतेक वेळा ०.०१ सेकंद असतो. म्हणून अनेकजण "आमची अचूकता ०.०१ सेकंद" असं लिहून मोकळे होतात. लीस्ट काउंट आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर किती बारीक आकडा दिसतो हे लीस्ट काउंट सांगतो. तो आकडा खऱ्या वेळेच्या किती जवळ आहे, ही अचूकता.

आता एकेका चुकीला तराजूत टाकू.

घड्याळ: साध्या क्वार्ट्झची चूक दर दहा लाखांत काही दहांच्या घरात असते. ५० धरली तरी १० सेकंदांच्या फेरीत अर्धा मिलिसेकंद. सोडून द्या.

तापमान: १० अंशांच्या थंडीत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, ४० अंशांच्या उन्हात ३५५. टायमर ३ मीटरवर असेल, तर जाण्यायेण्याच्या ६ मीटरमध्ये फरक पडतो एक मिलिसेकंदाहून कमी. हेही सोडा.

आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत कापला जाणं: एका नोंदीत यामुळे येणारी अनिश्चितता, ०.०१ भागिले वर्गमूळ १२, म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद. स्प्लिटमध्ये दोन नोंदी, म्हणून सुमारे ४. ही नोंदवायला हवी, पण ही सरासरीत जिरते.

टायमरची जागा: १७ मिलिसेकंदांपर्यंत, वर पाहिलं तसं. आणि सरासरीत जिरत नाही.

चकतीचा, भिंतीचा किंवा शेजारच्या रेंजचा आवाज शॉट म्हणून धरला जाणं: ६० मिलिसेकंद, कधी कितीतरी जास्त.

ही यादी केल्यावर काय दिसतं? महागडं, आणखी बारीक आकडा दाखवणारं घड्याळ आणून काहीच साधलं नसतं. मोजपट्टीने अंतर मोजून जमिनीवर खडूची खूण केली असती तर सगळं साधलं असतं. संशोधनात पैसे खर्च करण्याआधी ही यादी करायची सवय लावा. सगळ्यात मोठ्या चुकीपासून सुरुवात करायची. बहुतेक वेळा तिच्यावरचा उपाय स्वस्त निघतो.

ऐकायचं किती, दुर्लक्ष किती?

टायमरवर दोन गोष्टी आपल्याला ठरवता येतात. एक 'सेन्सिटिव्हिटी', म्हणजे किती मोठा आवाज झाला तर नोंद घ्यायची. जास्त ठेवली तर शेजारच्या रेंजवरचे शॉट्सही आपल्या खात्यात जमा. कमी ठेवली तर आपलाच शॉट निसटू शकतो, विशेषतः एअर पिस्तुलासारख्या हळू आवाजाच्या शस्त्राचा. म्हणजे चुका दोन तऱ्हेच्या: नसलेलं दिसणं आणि असलेलं न दिसणं. संख्याशास्त्रात पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची त्रुटी शिकतो, ती हीच. एक कमी केली की दुसरी वाढते. मधली जागा तुम्हाला तुमच्याच रेंजवर, तुमच्याच शस्त्रासाठी शोधावी लागते.

दुसरी सोय अनेक टायमरमध्ये असते: एक आवाज नोंदल्यावर पुढचा थोडा वेळ कान बंद ठेवण्याची, म्हणजे प्रतिध्वनी मोजला जात नाही. भिंत ५ मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला २९ मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ कान बंद ठेवले की झालं. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गायगर-म्युलर काउंटरचा 'डेड टाइम' आठवेल. अगदी तोच प्रकार. आणि धोकाही तोच. कान बंद असताना खरा शॉट झाला तर तोही हरवतो. कसलेले नेमबाज जवळच्या लक्ष्यावर ०.१५ ते ०.२० सेकंदांचे स्प्लिट सहज काढतात. डेड टाइम ०.०८ असेल तर अडचण नाही. पण एखाद्याने तो ०.२० वर नेला, तर त्याच्या संशोधनात "कोणताही स्प्लिट ०.२० पेक्षा कमी नाही" असा 'शोध' लागेल! तो माणसाच्या बोटाचा गुणधर्म नाही, डबीच्या बटणाचा आहे. म्हणून तुमच्या आकड्यांचा आलेख काढल्यावर एखाद्या ठिकाणी सुरीने कापल्यासारखी कड दिसली, तर आधी उपकरणाच्या सेटिंगकडे जा, सिद्धांताकडे नंतर.

बीप कधी वाजणार, हे कळता कामा नये

आयपीएससीच्या नियमांत 'स्टँड बाय' अशी आज्ञा दिल्यावर १ ते ४ सेकंदांच्या आत सुरुवातीचा इशारा यावा असं आहे. टायमर हा उशीर दर वेळी वेगळा ठेवतो. कारण उघड आहे: दर वेळी बरोबर २ सेकंदांनी बीप वाजली, तर नेमबाज बीपला प्रतिसाद देणार नाही, मनातल्या मनात 'एक, दोन' मोजून निघेल.

याच्या उलट उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, त्याच्या रॅपिड टप्प्यात लाल दिवा ७ सेकंद आणि मग हिरवा ३ सेकंद असतो. त्या ३ सेकंदांत हात खालून वर आणून एकच गोळी झाडायची. असं पाच वेळा. इथे उशीर ठरलेला आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. तरी बिघडत नाही, कारण कोण आधी हलतं हे तिथे मोजायचंच नाही. ३ सेकंदांच्या खिडकीत गोळी किती अचूक बसते, ते मोजायचं आहे. म्हणजे उशीर ठरलेला असावा की अनपेक्षित, हे तुम्ही काय मोजणार यावर ठरतं.

आता जरा खोलात जाऊ. समजा उशीर १ ते ४ सेकंदांत कुठेही, सारख्याच शक्यतेने येतो. 'स्टँड बाय'नंतर १ सेकंद झाला, तेव्हा पुढच्या अर्ध्या सेकंदात बीप वाजण्याची शक्यता सहात एक. ३ सेकंद झाले आणि अजून वाजली नाही? आता उरलाय एकच सेकंद. पुढच्या अर्ध्या सेकंदात वाजण्याची शक्यता दोनात एक. साडेतीन सेकंद झाले? आता अर्ध्या सेकंदात वाजणारच. म्हणजे जितकी जास्त वाट बघावी लागते, तितका नेमबाज जास्त तयार होत जातो, आणि प्रतिसाद थोडा लवकर येतो. 'रँडम' म्हटलं म्हणून 'अंदाज बांधता येत नाही' असं होत नाही. प्रतिसादाचा अभ्यास करणारे म्हणून कधीकधी घातांकी वितरणातून उशीर निवडतात. त्यात किती वेळ गेला यावरून पुढचा अंदाज लागत नाही. बाजारातल्या टायमरमध्ये तुम्हाला हे बदलता आलं नाही, तरी एक नक्की करता येतं: प्रत्येक वेळी किती उशिराने बीप वाजली याची नोंद. शेजारी फोनवर आवाज रेकॉर्ड करत ठेवला की 'स्टँड बाय' आणि बीप दोन्ही त्यात येतात.

पहिल्या शॉटची वेळ म्हणजे रिअ‍ॅक्शन टाइम नव्हे

हा घोटाळा मी प्रबंधांच्या मसुद्यांतही पाहिलाय. समजा पहिल्या शॉटची वेळ १.२० सेकंद आली. विद्यार्थी लिहितो, "नेमबाजाचा प्रतिक्रियाकाळ १.२० सेकंद." नाही! साध्या आवाजाला नुसतं बोट हलवून प्रतिसाद द्यायला निरोगी तरुण माणसाला साधारण ०.१५ सेकंद लागतात. उरलेल्या सेकंदाहून जास्त वेळात हात होल्स्टरकडे जातो, पिस्तूल निघतं, डोळ्यांसमोर येतं, नेम धरला जातो, चाप ओढला जातो. आणि वर आवाजाचा प्रवास. सरावाने १.२० चे १.०० झाले, तर नेमबाज लवकर 'ऐकायला' लागला असं म्हणता येत नाही. बहुधा त्याचा हात सुधारला. हे तुकडे वेगळे करायचे असतील तर टायमर एकटा पुरत नाही. हात कधी हलला हे दाखवणारं दुसरं काहीतरी हवं. सेकंदाला २४० चौकटी घेणारा फोनचा कॅमेरासुद्धा चालतो, दोन चौकटींत ४ मिलिसेकंदांचं अंतर असतं.

अशीच काळजी 'पार टाइम'बद्दल. यात टायमर सुरुवातीची बीप देतो आणि ठरवलेल्या वेळेनंतर दुसरी. रिकाम्या पिस्तुलाने सराव करणारे हे खूप वापरतात. दुसऱ्या बीपच्या आत काम झालं की जमलं. इथे लक्षात घ्या, वेळ मोजलीच जात नाही. फक्त 'आत' किंवा 'बाहेर' एवढंच कळतं. १.५ सेकंदांच्या आत झालं म्हणजे १.४९ की १.१० हे माहीत नाही. अशा नोंदींची सरासरी काढायची नसते.

आणि शेवटी, वेळ एकटी काही सांगत नाही. वरच्या फेरीत दुसऱ्या नेमबाजाने एक गोळी थोडी बाजूला मारली, ६० ऐवजी ५८ गुण, पण वेळ ७.६० सेकंद. हिट फॅक्टर ७.६३. पूर्ण गुण घेऊन ८.०० सेकंदांत संपवणाऱ्याचा ७.५०. दोन गुण सोडून हा पुढे गेला. वेग वाढला की अचूकता थोडी घटते, हे माणसाच्या हालचालींत सर्वत्र दिसतं. म्हणून "सरावाने वेळ कमी झाली" हे वाक्य "आणि गुण तेवढेच राहिले" याच्याशिवाय अपुरं आहे. नुसती घाई करायला शिकवलं तरी वेळ कमी होतेच की!

घरी करून बघा

यासाठी पिस्तूल नको, रेंज नको. एखाद्या क्लबकडून टायमर तासाभरासाठी मिळाला तरी पुरे. नाहीच मिळाला तर फोनवरची टायमरची अ‍ॅप्स घेऊन करा. अ‍ॅपच्या चुका वेगळ्या असतील, पद्धत तीच.

पहिली चाचणी: ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बरोबर ०.५०० सेकंदांच्या अंतराने २० टकटकी असलेली फाइल तयार करा. स्पीकरवर वाजवा, टायमर जवळ ठेवा, सेन्सिटिव्हिटी वाढवा. सगळे स्प्लिट ०.५० आले पाहिजेत. मधूनच ०.४९ किंवा ०.५१ आला तर तो दोन दशांश स्थळांचा खेळ. सगळेच ०.५१ आले तर थांबा आणि कारण शोधा.

दुसरी चाचणी: टकटकींच्या जोड्या करा. जोडीतलं अंतर ०.२०, मग ०.१५, ०.१०, ०.०८, ०.०५ असं कमी करत जा. ज्या अंतराला दुसरी टकटक नोंदवणं बंद होतं, तिथे तुमच्या उपकरणाचा डेड टाइम आहे. हा आकडा पद्धतीच्या प्रकरणात लिहा.

तिसरी चाचणी: मोकळ्या मैदानावर जा. एका मित्राला टायमरपासून १ मीटरवर उभं करून बीप झाल्यावर लाकडाचे दोन ठोकळे आपटायला सांगा. मग ११ मीटरवरून तेच. ५० वेळा केलंत तर जाण्यायेण्याचा फरक, सुमारे ५८ मिलिसेकंद, सरासरीत दिसायला हवा. पण मित्राचा स्वतःचा प्रतिसाद दर वेळी थोडा बदलत असतो, त्यामुळे तो फरक धूसर दिसेल. आता तीच चाचणी वेगळ्या तऱ्हेने करा: दोन फोन, एक १ मीटरवर, एक ११ मीटरवर, दोन्हींवर एकदमच रेकॉर्डिंग सुरू. मित्र एकदा ठोकळे पहिल्या फोनजवळ आपटेल, एकदा दुसऱ्याजवळ. दोन आपटण्यांमधलं अंतर दोन्ही फोनवर वेगळं भरेल, आणि फरक पुन्हा ५८ मिलिसेकंदांच्या आसपास येईल. या वेळी मित्राच्या प्रतिसादाचा संबंधच उरत नाही. असं का होतं, हे कागदावर मांडून बघा. प्रयोगाची रचना म्हणजे काय, हे त्या दहा मिनिटांत जेवढं कळेल तेवढं व्याख्यानात कळत नाही.

नोंदवहीत काय लिहायचं?

आता माझ्या वहीत प्रत्येक सत्राच्या डोक्यावर या ओळी असतात: टायमरचं मॉडेल, सेन्सिटिव्हिटी, डेड टाइम, उशिराचा प्रकार, टायमरची जागा आणि नेमबाजापासूनचं मोजलेलं अंतर, जवळच्या भिंती आणि पोलादी लक्ष्यं, शेजारच्या रेंजवर कोणी आहे का. प्रत्येक फेरीनंतर तीन संख्या: भरलेल्या गोळ्यांतून उरलेल्या वजा करून झाडलेल्या किती, टायमरवरच्या नोंदी किती, आणि भोकं व चकत्यांवरचे डाग मिळून किती. तिन्ही जुळल्या तर पुढे. नाही जुळल्या तर फोनचं रेकॉर्डिंग ऐकायचं.

कोणती नोंद वगळायची याचा नियमही आधीच लिहिलेला असतो. आकडे पाहिल्यानंतर नियम केला, की नकळत आपल्याला हवे ते आकडे राहतात आणि नको ते जातात. अ‍ॅथलेटिक्समध्ये बंदुकीच्या आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत हललेला धावपटू ऐकून निघालेला नाही असं मानतात. ती रेषा शर्यतीआधी आखलेली असते, निकाल बघून नाही.

पहिल्या दिवसाचं ते पान अजून माझ्याकडे आहे. सातवी नोंद मी खोडरबराने पुसली नाही. तिच्यावर एक आडवी रेघ आहे आणि शेजारी लिहिलंय: "चकती, १० मी." त्याच्या पुढच्याच पानावर पहिल्या शॉटच्या वेळा आहेत, छान रांगेत, दोन दशांश स्थळांपर्यंत. त्यांच्या शेजारी अंतर लिहिलेलं नाही. सात नोंदींचं गडबडीचं पान आजही वापरता येतं. ते नीटनेटकं पान येत नाही.

तुमचा विषय माती असो, भाषा असो, पेशी असोत की सर्वेक्षण, आकडे गोळा करायच्या आधी एका कागदावर लिहून काढा: मला काय मोजायचंय, माझं उपकरण प्रत्यक्ष काय 'ऐकतं', आणि या दोहोंच्या मध्ये काय काय आहे. तो कागद मार्गदर्शकांना दाखवा. मी दाखवला असता, तर "तू कुठे उभी होतीस?" हा प्रश्न मला महिनाभर आधी ऐकायला मिळाला असता.